बक्कल नंबरामागची माणसे

मुंबई पोलीस अधिनियम १९५१ साली झाला. त्याच्या अठ्ठाविसाव्या कलमात म्हटले आहे, की प्रत्येक पोलीस सदैव कर्तव्यावर आहे असे मानले जाईल आणि राज्यात कुठेही त्याला कामाला लावता येईल. दंगल पेटलेली असताना ‘माझी पाळी संपली’ म्हणून पोलिसाने घरी निघून जाऊ नये, हा त्यामागचा हेतू. तो रास्तच आहे. पण आणीबाणीच्या वेळेसाठी लिहिलेली ही ओळ रोजच्या कारभाराचा नियम होऊन बसली. बारा तासांची ड्युटी सोळा तासांवर गेली की तिचा आधार, ठरलेली साप्ताहिक सुट्टी ऐन वेळी रद्द झाली की तिचाच आधार. या एका ओळीखाली मुंबईतल्या हजारो शिपायांचे संसार तीस वर्षे चालले. ते संसार उघड्यावर आले एकदाच, १८ ऑगस्ट १९८२ रोजी, आणि त्या दिवशी मुंबईला आपल्याच पोलिसांची भीती वाटली.

त्या दिवसाची नोंद बहुतेक ठिकाणी दोन-चार ओळींत आटोपते. पोलीस बिथरले, जाळपोळ झाली, लष्कर आले, बंड मोडले. यातले काही खोटे नाही. पण ही गोष्ट त्या दिवशी सकाळी सुरू झाली नव्हती. ती नीट समजायची तर आधी शिपायाच्या खोलीत जावे लागते.

मुंबईचा शिपाई बहुधा मुंबईचा नसायचा. फ्रँक सूटर १८६४ पासून १८८८ पर्यंत शहराचे पोलीस आयुक्त होते. त्यांच्या काळात दलाला आजचे रूप येऊ लागले, आणि तेव्हापासूनच त्यात रत्नागिरी जिल्ह्यातल्या माणसांचा भरणा मोठा होता. पुढे घाटावरून साताऱ्याची, सांगलीची, कोल्हापूरची, पुणे-नगरकडची पोरे येत गेली. जमिनीचा तुकडा लहान, खाणारी तोंडे जास्त, आणि मुंबईत कुणी तरी गाववाला, एवढ्या भांडवलावर हा प्रवास व्हायचा. गिरणीत बदली कामगार म्हणून लागावे की पोलीस भरतीला उभे राहावे, हे दोन्ही रस्ते त्या तरुणांपुढे एकदमच असायचे. उंची आणि छाती भरली, धावण्यात टिकला तर पोलीस, नाही तर गिरणी. थोरला भाऊ साच्यावर आणि धाकटा खाकीत, अशी घरे गिरणगावात पुष्कळ होती. १९८२ मध्ये याच नात्याने इतिहास घडवला, म्हणून ते लक्षात ठेवायला हवे.

पोलिसात लागलेल्या पोराची गावात वट वाढायची. लग्न लवकर जुळायचे. पण ज्या दलात तो शिरला, त्या दलात त्याच्यासाठी किती वाट मोकळी ठेवली होती, हे त्याला पुढे कळायचे. ही गोष्ट थेट लॉर्ड कर्झनच्या काळात जाते. १९०२ साली अँड्र्यू फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली पोलीस आयोग नेमला गेला. शिपायाला महिन्याला निदान आठ रुपये मिळालेच पाहिजेत, असे त्या आयोगाने सांगितले. शिपायाच्या बाजूने एवढे बोलून त्याच आयोगाने दलात एक भिंतही उभी केली. तपासाचे, विचाराचे काम करणारे सबइन्स्पेक्टर थेट बाहेरून भरावेत. शिपायाकडे पहारा, गस्त, कैद्यांची ने-आण अशी ठरीव, यांत्रिक कामे ठेवावीत, असा त्या शिफारशींचा रोख होता. त्यानंतर १९०६ मध्ये पुण्यात भांबुर्ड्याला अधिकाऱ्यांसाठी पोलीस प्रशिक्षण शाळा निघाली आणि काही वर्षांत ती नाशिकला गेली. नाशिकच्या दारातून येणारा तरुण पहिल्या दिवशी फौजदार. भरतीच्या मैदानातून येणारा पहिल्या दिवशी शिपाई, आणि बहुतेक वेळा निवृत्तीच्या दिवशी हवालदार किंवा जमादार.

खात्यांतर्गत परीक्षेतून फौजदार होता येत असे, पण जागा मोजक्या. सोळा तासांच्या ड्युटीनंतर कायद्याची पुस्तके उघडायला ज्याच्यात जोर उरायचा, त्याला ती वाट. बाकीच्यांची शिपाई, नाईक, हवालदार ही चढण पंधरा-वीस वर्षे चालायची. हवालदाराला शिपाई ‘मेजर’ म्हणत, अजूनही म्हणतात. या एका हाकेतला मान सोडला तर त्या चढणीवर फारसे काही हाती लागत नसे. वीस वर्षे एकाच भागात बीट केलेल्या, गल्लीतला प्रत्येक उंबरा ठाऊक असलेल्या हवालदाराने नाशिकहून नुकत्याच आलेल्या चोवीस वर्षांच्या साहेबाला सॅल्यूट ठोकायचा आणि त्याची शिवीही ऐकून घ्यायची, ही रोजची रीत होती.

आणि मग ती खोली. सर जॉर्ज लॉइड गव्हर्नर असताना १९२० साली बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. त्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे २०७ चाळी बांधल्या. तळमजला आणि वर तीन मजले, एका चाळीत ८० खोल्या, प्रत्येक खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सगळ्यांना मिळून. या बीडीडी चाळींतल्या कितीतरी खोल्या पोलिसांना सेवानिवासस्थाने म्हणून मिळाल्या. नायगाव, वरळी, ताडदेव इथे सशस्त्र पोलिसांची ठाणी आणि त्यांच्याभोवती पोलीस लाइनी. एका खोलीत नवरा-बायको, तीन-चार मुले, म्हातारी आई, भरतीसाठी गावाहून आलेला मेहुणा. रात्रपाळी करून आलेल्या माणसाने दिवसा झोपायचे कुठे, हा त्या खोलीतला कायमचा प्रश्न होता. मुले गॅलरीत अभ्यास करायची, बाईमाणूस आवाज न करता स्वयंपाक करायची, आणि तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. लाइनीत वाढलेली पोरे स्वतःला ‘लाईनबॉय’ म्हणवतात. आपल्या वडिलांविषयी ती बोलू लागली की एक गोष्ट फिरून फिरून येते: गणपतीत वडील घरी नसायचे. मोहरमला नसायचे, दिवाळीत नसायचे, निवडणुकीत आठ-आठ दिवस नसायचे. सगळ्या शहराचा सण शांततेत पार पडावा म्हणून जो माणूस रस्त्यावर उभा होता, त्याच्या घरची आरती त्याच्याविना होत होती.

लाइनीतल्या बायकांचा इतिहास तर कुणी लिहिलेलाच नाही. पगाराच्या तारखेला पतपेढीचा हप्ता आणि वाण्याची उधारी वजा जाता उरेल त्यात महिना काढणे, खळ देऊन कडक केलेला गणवेश तयार ठेवणे, शाळेत, दवाखान्यात, नातलगांच्या लग्नात एकटीने जाणे, आणि नवऱ्याने साहेबाकडून खाल्लेला अपमान घरात कुणावर निघू नये म्हणून जपणे, हे तिचे काम होते. तो राग अनेकदा घरातच निघायचा. दारूही पुष्कळ घरांत शिरली होती. हे सांगितले नाही तर चित्र अर्धे राहील.

तसेच दुसरेही सांगायला हवे. शिपाई गरीब होता म्हणून स्वच्छ होता, असे नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने मुंबईत हातभट्टीचा धंदा फोफावला आणि हप्त्याची साखळी प्रत्येक ठाण्यापर्यंत पोहोचली. ज्या फेरीवाल्याकडून, ज्या गुत्तेवाल्याकडून शिपायाने पैसे उचलले, त्याच्या नजरेत खाकीविषयी आदर कुठून उरणार? पण लोकांना हात पसरताना दिसायचा तो शिपाई. वर जाणारा वाटा त्यांना दिसत नसे. त्यामुळे संस्थेचे पाप एका बक्कल नंबराच्या नावावर जमा होत गेले. १९७५ मध्ये दादा कोंडके यांच्या ‘पांडू हवालदार’ने महाराष्ट्राला पोट धरून हसवले. त्या चित्रपटाने शिपायाला माणूस म्हणून मायाही दिली होती. रस्त्यावरच्या टवाळांनी मात्र त्यातली ‘पांडू’ ही हाकच उचलली. लाइनीतल्या पोरांना शाळेत ती ऐकावी लागली.

देशात इतरत्र खाकीतली खदखद याआधीच बाहेर पडू लागली होती. मे १९७३ मध्ये उत्तर प्रदेशात पीएसी या सशस्त्र पोलीस दलाच्या जवानांनी बंड केले. ते मोडायला लष्कर उतरले, माणसे मेली, आणि कमलापती त्रिपाठींचे सरकार गेले. १९७९ च्या मे महिन्यात पंजाबातल्या पोलिसांनी आंदोलन सुरू केले आणि ते लोण राज्याराज्यांत पसरले. केंद्रीय दलेही त्यातून सुटली नाहीत. बोकारोत औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान आणि लष्कर समोरासमोर आले. योगायोग असा, की शिपायाचे दुखणे नेमके काय आहे हे सरकारच्या टेबलावर त्याच वर्षी लेखी येऊन पडले होते. जनता सरकारने नोव्हेंबर १९७७ मध्ये धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय पोलीस आयोग नेमला होता. त्याचा पहिला अहवाल फेब्रुवारी १९७९ मध्ये आला, आणि तो प्रामुख्याने शिपायाविषयी होता. शिपायाला अकुशल मजुराच्या रांगेत बसवू नका, त्याचे काम कौशल्याचे आहे आणि त्याप्रमाणे वेतन द्या, घरे द्या, कामाचे तास माणसाला झेपतील असे करा, साहेबांच्या बंगल्यावर भाजी आणायला आणि मुले सांभाळायला शिपाई राबवण्याची ऑर्डर्ली पद्धत बंद करा, आणि तक्रार ऐकून घेणारी यंत्रणा उभी करा. १९८१ पर्यंत आयोगाने आठ अहवाल दिले. तोवर दिल्लीतले सरकार बदलले होते. अहवाल कपाटात गेले.

त्या काळात अनेक राज्यांत पोलिसांच्या संघटना उभ्या राहत होत्या. महाराष्ट्रातही पोलीस कर्मचाऱ्यांची संघटना आली. पहिल्यांदाच शिपाई साहेबापुढे एकटा उभा नव्हता. यापूर्वी त्याची तक्रार ऑर्डर्ली रूममध्ये किंवा दरबारात, सावधान स्थितीत, चार वाक्यांत सांगायची असे. ती सांगितल्याबद्दल पुढची बदली कुठे होईल याचा भरवसा नसे. आता पत्रके निघू लागली, सभा होऊ लागल्या. मागण्या ओळखीच्याच होत्या: आठ तासांची ड्युटी, सुट्टी हक्काने, राहायला धड घर, बढतीची वाट, पगार. वरिष्ठांना यात शिस्तीचा भंग दिसू लागला. त्यांची काळजी अगदीच निराधार नव्हती. हातात बंदूक असलेल्या माणसांनी संप केला तर शहर कुणाच्या भरवशावर राहणार, हा प्रश्न खरा आहे. पण त्या प्रश्नाचे उत्तर संघटनेशी बोलून शोधायचे की संघटनाच मोडून, यात सरकारला निवड होती.

१९८२ उजाडले ते अस्वस्थतेतच. जानेवारीत उच्च न्यायालयाच्या निकालानंतर अंतुले पायउतार झाले आणि बॅरिस्टर बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री झाले. १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार, साठच्या आसपास गिरण्या. फेब्रुवारीत ज्युलिओ रिबेरो पोलीस आयुक्त म्हणून आले. या संपाचा भार शिपायावर दोन बाजूंनी पडला. एक म्हणजे बंदोबस्त. गिरण्यांच्या फाटकांवर, नाक्यांवर, मोर्च्यांबरोबर, महिनोन्महिने. दुसरे म्हणजे ज्याच्यावर लाठी उगारायची तो भाऊ होता, साडू होता, गाववाला होता, शेजारच्या खोलीतला होता. गिरणी बंद म्हणून थोरल्याच्या घरात चूल पेटत नाही आणि धाकटा त्याच गिरणीच्या फाटकावर हेल्मेट घालून उभा. संध्याकाळी दोघे एकाच चाळीत परत येणार. अशा अवस्थेत सात महिने काढलेल्या माणसांच्या मनात काय साचले असेल, याचा अंदाज मंत्रालयातल्या कुणी घेतल्याचे दिसत नाही.

१५ ऑगस्टला पोलिसांनी काळ्या फिती लावल्या. स्वातंत्र्यदिनाला, गणवेशावर, सर्वांना दिसेल अशा. मागण्यांकडे लक्ष वेधण्याचा तो शांत मार्ग होता; कुणी काम थांबवले नव्हते. मला हा सगळ्या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा दिवस वाटतो. कारण अजून बोलता आले असते. गणपती तोंडावर होते, शहराला पोलिसांची गरज सर्वांत जास्त असते ते दिवस, आणि पोलीस तेव्हाही कामावर होते. सरकारने त्या फितीत फक्त अवज्ञा पाहिली. संघटनेची मान्यता काढून घेण्यात आली, आणि १८ ऑगस्टला, बुधवारी, शहर पुरते जागे होण्याआधीच संघटनेचे पुढारी अटकेत होते.

पुढाऱ्यांना उचलल्याची बातमी वरळी आणि नायगावच्या लाइनींत पोहोचायला किती वेळ लागणार? सगळे एकाच आवारात राहत होते. सकाळपासून शिपाई रस्त्यावर जमू लागले. रेल्वेगाड्या अडवल्या गेल्या, रस्ते अडले, दगडफेक सुरू झाली. चौकात वाहतूक पोलीस नाही, ठाण्यात माणूस नाही. गिरणगावातले संपकरी कामगार आणि बेकार पोरे त्यांच्यात येऊन मिळाली. मग दुकाने फुटली, गाड्या पेटल्या. कुठे पोलीस होते, कुठे कामगार होते आणि कुठे गर्दीचा फायदा घेणारे भुरटे होते, हे वेगळे काढता येणार नाही असा तो दिवस गेला. दुपारपर्यंत केंद्रीय राखीव पोलीस दल, सीमा सुरक्षा दल आणि शेवटी लष्कराला बोलवावे लागले. गोळीबार झाला, माणसे मेली. मुंबईच्या रस्त्यांवर लष्कराच्या गाड्या फिरू लागल्या आणि ज्यांच्या हाती शहर सोपवले होते त्यांच्यावरच संगिनी रोखल्या गेल्या.

गिरणगावाने गणवेशातल्या बंडाला साथ देण्याची ही पहिली वेळ नव्हती. फेब्रुवारी १९४६ मध्ये नौसैनिकांनी उठाव केला तेव्हा परळ-लालबागचे कामगार रस्त्यावर आले होते आणि इंग्रजांच्या गोळीबारात दोनशेहून अधिक माणसे पडली होती. त्या उठावाला आपण स्वातंत्र्यलढ्यात मानाने जागा दिली. १९८२ च्या शिपायांना तशी जागा मिळणार नव्हती, आणि मिळूही नये. त्यांच्यासमोर परकी सत्ता नव्हती. ज्यांची दुकाने लुटली गेली ती माणसे त्यांच्या छळाला जबाबदार नव्हती. रक्षण करण्याची शपथ घेतलेल्या माणसाने शहराला वाऱ्यावर सोडावे, यात क्षमा करण्यासारखे काही नाही. ज्यांनी जाळले आणि लुटले त्यांना शिक्षा व्हायलाच हवी होती.

झाले ते मात्र वेगळेच. काही दिवसांत शहर ताब्यात आले, बहुसंख्य शिपाई मुकाट्याने हजेरीला उभे राहिले, आणि सरकारने बडतर्फीची हत्यारे काढली. राज्यघटनेच्या ३११ व्या कलमात सरकारी नोकराला मोठे संरक्षण आहे: आरोप सांगितल्याशिवाय, बाजू मांडू दिल्याशिवाय त्याला काढून टाकता येत नाही. पण त्याच कलमात एक परंतुक आहे. चौकशी करणे व्यवहार्य नाही, असे अधिकाऱ्याने लेखी कारण देऊन नोंदवले, तर चौकशीविना बडतर्फ करता येते. या परंतुकाखाली शिपायांना घरी पाठवण्यात आले. कोणी पेटवले, कोणी नुसता उभा होता, कोणाचे नाव केवळ संघटनेच्या कामात पुढे होते, याची चौकशीत जी छाननी झाली असती ती झालीच नाही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुलसीराम पटेल खटल्यात या परंतुकाचा वापर वैध ठरवला, आणि त्यानंतर मुंबईच्या बडतर्फ शिपायाचे अपीलही फेटाळले गेले. कायदा संपला.

बडतर्फ होणे म्हणजे नुसती नोकरी जाणे नव्हते. सेवानिवासस्थान नोकरीबरोबर जाते. निवृत्तिवेतन जाते. ज्या खोलीत मुले जन्मली, ज्या लाइनीत लग्ने जुळली, तिथून बाहेर पडायचे. पोलिसातून काढून टाकलेल्या माणसाला दुसरीकडे काम कोण देणार? गावी जावे तर जमिनीच्या त्याच तुकड्यावर, आणि तेही तोंड लपवून. गिरणी संप कधी औपचारिकपणे मागे घेतलाच गेला नाही. तो विरत गेला आणि गिरण्या बंद होत गेल्या. म्हणजे थोरल्याची गिरणी आणि धाकट्याची खाकी, दोन्ही एकाच वर्षाने हिरावून घेतल्या. गिरणी संपावर पुस्तके झाली, नाटके झाली, चित्रपट झाले, आणि ते योग्यच झाले. बडतर्फ शिपायांच्या वाट्याला एवढेही आले नाही. कामगार चळवळीला ते आपले वाटले नाहीत, कारण ते खाकीतले. पोलीस खात्याला ते आठवायचेच नव्हते.

पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, गोविंद निहलानी यांचा ‘अर्ध सत्य’ आला. श्री. दा. पानवलकरांच्या कथेवरून विजय तेंडुलकरांनी लिहिलेली पटकथा. पोलिसाचाच मुलगा असलेला, खात्यात गुदमरणारा सबइन्स्पेक्टर अनंत वेलणकर. पोलिसाच्या मनात डोकावणारा इतका प्रामाणिक चित्रपट आपल्याकडे विरळा. त्याच १९८३ मध्ये नाशिकच्या शाळेतून सबइन्स्पेक्टरांची जी तुकडी बाहेर पडली, तिच्यातली काही नावे पुढे चकमकींमुळे घरोघरी पोहोचली. २६/११ ला कामा रुग्णालयाजवळ प्राण देणारे विजय साळसकर याच तुकडीतले. ऐंशी-नव्वदच्या दशकांत वृत्तपत्रांनी पोलिसांविषयी भरभरून लिहिले, पण ते अधिकाऱ्यांविषयी. गुंडांना टिपणारे, धाडसी, पिस्तूल कमरेला लावलेले. त्या प्रत्येक कारवाईत चार-दोन शिपाई आणि एखादा हवालदार असायचाच. खबऱ्याला ओळखणारा बहुधा तोच असायचा. त्याचे नाव बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात ‘व पथकाने’ या दोन शब्दांत सामावले जाई.

मागण्यांचे पुढे काय झाले, हेही पाहू. आठ तासांची ड्युटी मुंबईत पहिल्यांदा प्रयोग म्हणून सुरू झाली ती मे २०१६ मध्ये, देवनार पोलीस ठाण्यात, दत्ता पडसलगीकर आयुक्त असताना. मूळ कल्पना त्याच ठाण्यातल्या एका पोलीस नाईकाची होती. मनुष्यबळ तेवढेच ठेवून पाळ्या कशा बसवता येतील, याचा हिशेब त्याने स्वतः मांडला आणि आयुक्तांनी तो मनावर घेतला. नंतर ही पद्धत इतर ठाण्यांत गेली. मोठा बंदोबस्त लागला की ती अजूनही मोडते. चौतीस वर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते एका नाईकाने कागदावर शक्य करून दाखवले, कारण त्याचे ऐकून घेणारा एक अधिकारी भेटला. २०२२ मध्ये राज्याने पोलीस नाईक ही पायरीच काढून टाकली, जेणेकरून शिपाई म्हणून भरती झालेल्याला निवृत्त होण्यापूर्वी उपनिरीक्षक होता यावे. म्हणजे फ्रेझर आयोगाच्या भिंतीला खिंडार पडायला एकशे वीस वर्षे लागली. आणि बीडीडी चाळी? पुनर्विकासात वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाल्या. तिथे वर्षानुवर्षे राहिलेल्या पोलीस कुटुंबांना घर विकत घ्यावे लागणार होते. आधी किंमत ५० लाख सांगितली गेली, मग २५ लाख, आणि ओरड झाल्यावर २०२२ मध्ये १५ लाख ठरली.

म्हणजे १९८२ च्या पत्रकातले जवळजवळ सगळेच सरकारने पुढे मान्य केले. तुकड्यातुकड्यांनी, उशिरा आणि उपकार केल्यासारखे. त्या मागण्या वेड्या नव्हत्या, हे आता वेगळे सिद्ध करायला नको. १५ ऑगस्ट आणि १८ ऑगस्ट यांमधल्या तीन दिवसांत कुणी टेबलापलीकडे बसून त्या वाचल्या असत्या, तर मेलेली माणसे वाचली असती आणि बडतर्फ झालेले संसार उभे राहिले असते, असे मी पूर्ण जबाबदारीने म्हणतो.

पण एक मागणी अजून तशीच आहे, आणि ती सर्वांत आधीची होती. एकत्र येऊन बोलता यावे, ही. १९६६ चा पोलीस दलांच्या हक्कांवर मर्यादा घालणारा कायदा संघटनेला सरसकट बंदी करत नाही. सरकारची पूर्वपरवानगी मागतो. केरळात पोलिसांची मान्यताप्राप्त संघटना १९७९ पासून काम करते आहे, तिच्या निवडणुका होतात, अधिवेशनांना मंत्री जातात, आणि त्यामुळे केरळचे पोलीस दल कोलमडलेले नाही. महाराष्ट्रात आयपीएस अधिकाऱ्यांची संघटना आहे. शिपाई, हवालदार आणि सहायक फौजदारांची नाही. संपाचा हक्क त्यांना देऊ नका; तो मागण्यासारखा नाहीच. पण निवडून दिलेल्या प्रतिनिधींमार्फत सरकारपुढे बसून बोलण्याची परवानगी द्यायला राज्य सरकारला कोणताही कायदा अडवत नाही. ती आता द्यावी.